नोकरी सुटली, ईएसआयचा भत्ता मिळेल का?

मागच्या अंकात पगारपत्रकाबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं : ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर नोकरी गेल्यावर काही दिवस भत्ता मिळू शकतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी पगारपत्रकाच्या अख्ख्या लेखावर आली नाहीत. आश्चर्य नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी नोकरी केली आणि तिथेही हेच दिसायचं. दवाखान्याचं कार्ड सगळ्यांना माहीत, आजारपणाचे पैसे निम्म्यांना माहीत आणि बेकारीच्या भत्त्याचं नाव काढलं की माणूस 'मॅडम थट्टा करताय' अशा नजरेने बघायचा. म्हणून हे सदर आज पूर्ण त्याच विषयाला.

राजीनामा लिहून घेतला, आता काय?

*प्रश्न : ताई, मी भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून साडेतीन वर्षं ऑपरेटर होतो. पगार १८,०००. मार्चअखेरीस आम्हा सोळा जणांना केबिनमध्ये एकेक करून बोलावलं. ऑर्डर कमी झाल्यात, उद्यापासून येऊ नका म्हणाले. छापील कागदावर सही घेतली, त्यात 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' असं होतं. सही केली नाही तर फुल अँड फायनल हिशेब अडकेल म्हणाले. आता ईएसआयच्या भत्त्यासाठी अर्ज करायचाय तर मित्र म्हणतो राजीनामा दिलेल्याला मिळत नाही. खरं आहे का? – नाव छापू नये*

तुमच्या मित्राचं म्हणणं कागदापुरतं खरं आहे. पण तुमचा कागद खरा नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

आधी योजना काय ते सांगते. तिचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची, तीही नोकरी जाऊन तीन महिने उलटल्यावर, आणि अर्ज शेवटच्या मालकाच्या हातून यावा लागायचा. ज्याने काढलं त्याच्याच दारात सही मागायला जा, असा तो प्रकार. कोरोनाच्या टाळेबंदीच्या वर्षात, २०२० मध्ये, नियम सैल झाले. दर ५० टक्के झाला, तीन महिन्यांऐवजी ३० दिवस थांबणं पुरेसं झालं, आणि कामगाराला स्वतः ऑनलाइन अर्ज करून कागद शाखा कार्यालयात देण्याची सोय झाली. त्यासोबत लागणारं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्रही त्याच वर्षी गेलं. योजना कायमची नाही, मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्ज करताना चालू मुदत खिडकीवर विचारून घ्या. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि आयुष्यात एकदाच.

तुमचा हिशेब करून बघू. मागच्या चार अंशदान कालावधींत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे), म्हणजे दोन वर्षांत, मिळालेलं सगळं वेतन एकत्र करायचं आणि त्याला ७३० ने भागायचं. तुमचे १८,००० गुणिले २४, म्हणजे ४,३२,०००. भागिले ७३०, रोजचे सुमारे ५९२ रुपये. त्याचे निम्मे २९६. नव्वद दिवसांचे साधारण २६,६०० रुपये. मध्ये चार महिने काम नसेल तरी भागायचा आकडा ७३० च राहतो; म्हणजे तेच १८,००० वाले पण वीसच महिने भरलेले असतील तर हातात २२,२०० च्या आसपास येतील. खिडकीवर 'माझे पैसे कापले' म्हणून होणाऱ्या भांडणांतली बरीचशी या भागाकारावरूनच होतात. आणि एक गोष्ट आधी तपासा. पगारपत्रकावर ईएसआयचे १३५ रुपये कापलेत का? कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के असतो. १३५ च्या जागी ९० दिसले तर तुमचं वेतन १२,००० दाखवलंय, आणि भत्ताही १२,००० वरच निघणार.

आता राजीनाम्याचं. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला आणि आपणहून नोकरी सोडलेल्याला हा भत्ता नाही. बेकायदा ठरलेला संप किंवा मालकाने केलेली टाळेबंदी असेल तरीही नाही. शाखेतला माणूस बघणार कंपनीने किंवा कॉन्ट्रॅक्टरने मासिक भरण्यात तुमच्या नावापुढे काय कारण टाकलंय ते. तिथे 'सेवा सोडली', 'कपात', 'काम नाही' असे वेगवेगळे पर्याय असतात. ऑफिसातला मुलगा घाईत पहिला सोयीचा पर्याय निवडतो आणि मोकळा होतो. तुम्ही अर्ज कितीही नीट भरा, त्या एका नोंदीवर सगळं अडतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते : या दाव्याचा निकाल महिन्यानंतर शाखेत लागत नाही, शेवटच्या दिवशी एचआरच्या टेबलावरच बराचसा लागलेला असतो.

तुमचा तो दिवस निघून गेला. तरी हातात काहीच नाही असं नाही. एकाच दिवशी, एकाच छापील मजकुरावर, एकाच पेनाने सोळा जणांना 'वैयक्तिक कारण' निघालं, यावर कोण विश्वास ठेवेल? हाच तुमचा पुरावा. सोळा जण मिळून कॉन्ट्रॅक्टर आणि कंपनी दोघांच्या नावे पत्र लिहा : अमुक तारखेला ऑर्डर नाहीत म्हणून कामावरून कमी केलं, राजीनाम्याचा मजकूर तुमच्याकडून छापून आला होता, नोंदीतलं कारण दुरुस्त करा. स्पीड पोस्टाने पाठवा. प्रत शाखा व्यवस्थापकाला, एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, आणि तिथली पोच घ्या. सुपरवायझरचे 'उद्यापासून येऊ नका' असे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर फोन बदलण्याआधी त्यांचे प्रिंट काढून ठेवा. मग दावा भरा आणि कारणाच्या जागी घडलं तेच लिहा. नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही बसत' ऐकून घरी जाऊ नका. लेखी नकार असेल तर पुढे उपप्रादेशिक कार्यालयात किंवा दर महिन्याच्या सुविधा समागमात (तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत) मांडायला काहीतरी हातात असतं.

आणि जे हे वाचताहेत पण अजून कामावर आहेत त्यांना : फुल अँड फायनल हा तुमचा पैसा आहे, राजीनाम्याचं बक्षीस नव्हे. कागद पुढे आला तर 'घरी दाखवून उद्या देतो' एवढं म्हणायला कुठलाही कायदा आड येत नाही. सही करावीच लागली तर खाली आपल्या हाताने 'काम नसल्याने कंपनीच्या सांगण्यावरून' असं लिहा आणि फोटो काढा.

माझे दोन आयपी नंबर निघाले

*प्रश्न : मॅडम, मी वाळूजला पॅकिंगमध्ये होते. पहिल्या कंपनीत १४ महिने, तिथून शनिवारी सोडलं आणि सोमवारी दुसरीकडे लागले. तिथे १३ महिने झाले आणि २० ऑगस्टला लाइन बंद केली, सगळ्या पोरींना काढलं. दावा भरायला गेले तर म्हणतात तुमची दोन वर्षं भरत नाहीत. दुसऱ्या कंपनीने माझा नवीनच नंबर काढलाय. माझी पहिली १४ महिने वाया गेली का? – एक वाचक*

वाया गेलेली नाहीत, जुन्या नंबरखाली पडून आहेत. आयपी नंबर, म्हणजे विमाधारकाचा क्रमांक, माणसाचा असतो, कंपनीचा नसतो. एकदा मिळाला की तोच पुढच्या प्रत्येक नोकरीत द्यायचा. पण भरतीच्या दिवशी ऑफिसात विचारतात 'आधी ईएसआय होता का', आणि आपण म्हणतो 'आठवत नाही', मग ते नवा काढतात. त्यांना दोन मिनिटं वाचतात आणि तुमचं सव्वा वर्ष दिसेनासं होतं.

दोन्ही पेहचान कार्डं, आधार, दोन्ही कंपन्यांची नेमणूक पत्रं किंवा पगारपत्रकं घेऊन शाखा कार्यालयात जा आणि दोन्ही नंबर एक करण्याचा लेखी अर्ज द्या. कार्ड हरवलं असेल तर जुन्या पगारपत्रकावर नंबर असतो. नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे आणि आधारवर सारखी आहे का तेही बघा. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, ही तर कायमची अडचण. ती आधी निस्तरा, नाहीतर बँकेत पैसे जाताना पुन्हा अडकेल. बँक खातं आणि आधार दोन्ही तुमच्या ईएसआयच्या नोंदीला जोडलेलं असणं या योजनेत सक्तीचं आहे.

नंबर एक झाले की तुमचे महिने भरतात. दोन अटी आहेत. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असायला हवं. आणि नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान, शिवाय त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस. कालावधी वर्षात दोनच : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तुमची नोकरी ऑगस्टमध्ये गेली, म्हणून आधीचा कालावधी ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा तुम्ही दुसऱ्या कंपनीत नियमित होतात. चिंता नाही.

हा ७८ चा आकडा लोकांना घाबरवतो. महिन्याला २६ दिवस धरले तर ते तीन महिने होतात, एवढंच. सहा महिन्यांतले तीन. पण बिनपगारी खाडे फार असलेला माणूस किंवा 'महिन्याला दहा दिवस लावतो' म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडचा माणूस इथे खरंच अडकतो. आपले दिवस किती लागलेत ते ईएसआय महामंडळाच्या संकेतस्थळावर आयपी नंबरने लॉगिन करून अंशदानाच्या तपशिलात दिसतं. नोकरी असतानाच बघा. नोकरी गेल्यावर चुकीचा आकडा दुरुस्त करून घेणं फार अवघड जातं, कारण तेव्हा गेटवरचा वॉचमनसुद्धा ओळख दाखवत नाही.

पगार ३४,००० आहे

*प्रश्न : मी हिंजवडीत सपोर्टला होतो, पगार ३४,०००. कंपनीने अख्खी टीम कमी केली. ईएसआयचा बेकारी भत्ता मला लागू आहे का? – एक वाचक*

नाही. ईएसआयमध्ये येण्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे, अपंग व्यक्तींसाठी २५,०००. त्याच्या वर पगार असलेल्यांसाठी आपल्याकडे सरकारी बेकारी विमाच नाही. बाहेरच्या देशांतल्या नातेवाइकांना सरकारी बेकारी भत्ता मिळतो ते ऐकून पुष्कळ जण विचारतात, म्हणून स्पष्टच लिहिलं. तुमच्या हातात नोटीस पगार, शिल्लक रजांचे पैसे, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, आणि ईपीएफ. ईपीएफ ही तुमचीच बचत आहे. नोकरी गेली म्हणून ती सगळी काढून घेण्याची घाई करू नका.

यात एक अपवाद आहे, तुमच्यासाठी नव्हे, पण वीस-बावीस हजारांच्या आसपास असलेल्यांसाठी. पगारवाढ होऊन मध्येच २१,००० ओलांडले तर लगेच बाहेर पडत नाही. तो अंशदान कालावधी संपेपर्यंत कपात चालू राहते आणि हक्कही. जुलैत वाढ झाली तर ३० सप्टेंबरपर्यंत. काही ऑफिसं वाढीच्या महिन्यापासूनच कपात बंद करतात. ते चूक आहे.

महिना पाच हजारांचा फॉर्म

*प्रश्न : मुलगा पदवीधर होऊन घरी आहे. 'महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, दरमहा ५,०००' असा मेसेज आलाय. लिंकवर २०० रुपये भरून नोंदणी करायची आहे. भरू का? – एक वडील*

भरू नका. आपल्या राज्यात नुसतं बेकार असल्याबद्दल दरमहा पाच हजार देणारी योजना नाही. आणि सरकारी योजनेच्या नोंदणीला कुणी यूपीआयवर दोनशे रुपये मागत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. मुलाने आधार आणि खाते क्रमांक तिथे आधीच भरला असेल तर आजच बँकेत कळवा.

राज्य सरकारच्या 'महास्वयं' संकेतस्थळावर नाव नोंदवणं फुकट आहे, पण ती नोकऱ्यांची नोंदणी. तिथे नाव असलं म्हणून पैसे येत नाहीत. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तिच्यात बारावी पास मुलांना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० विद्यावेतन ठरलं. वय १८ ते ३५. ते प्रत्यक्ष काम शिकण्याबद्दलचं विद्यावेतन आहे, घरी बसल्याचा भत्ता नाही. ईएसआयच्या भत्त्याचा तर त्याच्याशी संबंधच नाही, कारण तुमच्या मुलाने अजून अंशदान भरलेलंच नाही.

एकोणीस वर्षांनी कारखाना बंद

*प्रश्न : ताई, मी अंबडला एका कारखान्यात १९ वर्षं केली. वय ५२. मालकाने गेटवर नोटीस लावून कारखाना कायमचा बंद केला. एक जण म्हणतो अटल योजना भर, दुसरा म्हणतो राजीव गांधी योजना भर. यांना साखरेची गोळी चालू आहे, दवाखानाही बंद होईल का? – एक भगिनी*

तुमच्यासाठी दुसरा बरोबर सांगतोय.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे आणि तिचं लोकांना जवळपास काहीच माहीत नाही. नोकरी तीन कारणांनी गेली तरच ती लागू : कारखाना बंद झाला, कायद्याप्रमाणे कामगारकपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं. म्हणजे दार अरुंद. पण आत गेलात तर मिळतं जास्त. अटल योजना ९० दिवसांत संपते. इथे भत्ता २४ महिन्यांपर्यंत चालू शकतो. सोबत तुम्हाला आणि घरच्यांना ईएसआयचं औषधपाणी, आणि हवं असेल तर नवीन काम शिकण्याचं प्रशिक्षण. बावन्नाव्या वर्षी कोण शिकायला घालणार म्हणून तो रकाना रिकामा सोडू नका, विचारून तरी बघा.

दोन्ही एकदम घेता येत नाहीत. एकाच काळासाठी ईएसआयचा एकच रोख लाभ, हा जुनाच नियम आहे. आजारपणाचे पैसे चालू असतील त्या दिवसांचा बेकारी भत्ता नाही. फक्त अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वाचं मासिक वेतन कुणाला चालू असेल तर ते थांबत नाही.

आता तुमच्या कागदांवर सगळं. गेटवरची नोटीस नेमकी कसली आहे? फोटो काढलाय का? मालकाने रीतसर कारखाना बंद केला तर नुकसानभरपाई द्यावी लागते, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन. तुमच्या एकोणीस वर्षांची ती रक्कम बरीच मोठी आहे, तिकडे आधी लक्ष द्या. काही मालक मात्र 'कामगारांच्या वागण्यामुळे तात्पुरतं टाळं' अशी नोटीस लावतात आणि कायमचे निघून जातात. ती टाळेबंदी झाली, बंद नव्हे, आणि मग दोन्ही योजनांत अडचण येते. नोटिशीत 'कायमचा बंद' आणि तारीख असेल तर तुमची बाजू पक्की. नसेल तर युनियन असो वा नसो, सगळ्या बायका मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि कारखान्याची स्थिती लेखी नोंदवून घ्या. नुसतं कुलूप बघून शाखेतला माणूस काही ठरवू शकत नाही, त्याला कागद लागतो. मी स्वतः तिथे बसत होते. कितीही वाईट वाटलं तरी कागदाशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

औषधांचं : भत्ता मंजूर झाला की त्या काळात दवाखाना चालू राहतो, तुमच्या यजमानांसाठीही. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून आत्ताच दवाखान्यात जाऊन कार्ड कुठल्या तारखेपर्यंत चालतंय ते विचारा आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन ठेवा.

डिलिव्हरीची कामं केली तर?

*प्रश्न : भत्त्याचा अर्ज केलाय. दरम्यान मित्राच्या बाइकवर डिलिव्हरी करतोय, दिवसाला तीनचारशे सुटतात. सांगायचं का? कुणाला कळणार आहे? – एक वाचक*

कळणार आहे की नाही यावर पैज लावू नका. अर्जात 'या काळात मी बेकार होतो' असं तुम्ही सहीनिशी लिहून देता. खोटं निघालं तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि तशी शिक्षा झालेल्याला ही योजनाही बंद.

पण तुम्ही समजता तेवढं नुकसान नाही. मध्येच काम मिळालं म्हणून सगळा दावा बुडत नाही. नोकरी गेली त्या तारखेपासून नवीन काम लागलं त्या तारखेपर्यंतचे दिवस तुमचेच राहतात. जेव्हापासून कमावताय ती तारीख लिहा आणि त्याआधीचं हक्काने मागा. पुढच्या महिन्यांचं आगाऊ मागताच येत नाही. झालेल्या बेकारीचेच पैसे मिळतात. आणि कुणी दोन ठिकाणी अर्धा-अर्धा वेळ काम करत असेल, दोन्हीकडे ईएसआय असेल, तर दोन्ही सुटल्याशिवाय तो बेकार धरला जात नाही.

कापले, पण भरलेच नाहीत

*प्रश्न : पगारातून दर महिन्याला ईएसआय कापला. दावा भरला तर शेवटच्या नऊ महिन्यांचं अंशदानच दिसत नाही. मालक म्हणतो भरतो, भरतो. आता माझा भत्ता गेला का? – एक वाचक*

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चीड आणतो, कारण यात कामगाराची काडीची चूक नसते. तुमचे ०.७५ टक्के खिशातून गेले, मालकाने त्यात आपले ३.२५ टक्के घालून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे होते. तो पैसा त्याने धंद्यात फिरवला. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे, नुसता दंड नव्हे. मालकाला हे माहीत असतं, म्हणूनच तो 'भरत नाही' असं कधी म्हणत नाही.

भत्ता आपोआप गेला असं समजू नका. मालकाने भरलं नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळाने खात्री करून लाभ द्यावा आणि तो मालकाकडून वसूल करावा, अशी सोय कायद्यात १९४८ पासून आहे. पण खात्री कशाने होणार? तुम्ही तिथे काम करत होतात आणि कपात झाली, हे दाखवणाऱ्या कागदांनी. नऊ महिन्यांची पगारपत्रकं असतील तर उत्तम. ती देतच नसतील तर बँकेत पगार जमा झाल्याचं पासबुक, हजेरीच्या पंचचे मेसेज, गेटपास, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, जे असेल ते. सोबत काम करणाऱ्यांचंही असंच झालेलं असणार, त्यांना घ्या. एकट्याच्या तक्रारीवर चौकशी लांबते, आठ-दहा जणांच्या तक्रारीवर निरीक्षक लवकर जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज लिहा. त्यात कंपनीचा सतरा आकडी कोड (पगारपत्रकावर किंवा कार्डावर असतो), तुमचा आयपी नंबर, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंतचं अंशदान दिसत नाही ते, आणि महिन्याला किती कापले ते. दावा याच अर्जासोबत भरा, मालक भरेल म्हणून थांबू नका. फोनवर विचारायचं तर महामंडळाचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. पण फोनवर मिळालेलं उत्तर कागद नव्हे, त्यामुळे अर्जाची पोच मात्र शिक्का मारूनच घ्या.

मालकाने मधल्या काळात बोलावून 'तक्रार मागे घे, उद्याच भरतो' म्हटलं तर आधी भरू द्या. चलन भरलं की काही दिवसांत तुमच्या लॉगिनमध्ये महिने दिसू लागतात. नऊच्या नऊ दिसले, आणि वेतनाचा आकडाही बरोबर असला, तर मग तक्रारीचं काय करायचं ते बघा.